जुन्या जीपला घरी लोखंडी बंपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिंद्राची एमएम ५४०, मेजर, कमांडर किंवा तशीच शिडी-चेसिसची (तळाला शिडीसारखा लोखंडी सांगाडा असलेली) जुनी गाडी घेऊन जे शेतात, खाजगी ट्रॅकवर, ऑफ-रोड स्पर्धेत उतरतात त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कोल्हापुरात ही कामं करायला माणसांची कमतरता नाही. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीवर वाढलेलं हे गाव. उद्यमनगरात एका गल्लीत प्लेट कापून मिळते, दुसरीत वाकवून, तिसरीत लेथवर बुश काढून. पण मिस्त्रीला नेमकं काय सांगायचं हे गाडीवाल्याला माहीत नसलं की बंपर दिसायला दणकट होतो आणि पहिल्याच ओढीला त्याचा कान (ओढायचा पट्टा अडकवायची भोकाची जाड पट्टी) उपटून येतो. बंपरची ताकद प्लेटच्या जाडीत नसते, तो चेसिसला कसा धरलाय त्यात असते. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

हा बंपर लावून गाडी रस्त्यावर चालवता येते का?

कायद्याचं उत्तर आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की ती नोंदणीपुस्तकातल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा, असं पत्र सगळ्या राज्यांना पाठवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

जुन्या जीपला कंपनीकडूनच सरळ लोखंडी चॅनेलचा बंपर येत असे. तो सडला म्हणून त्याच मापाचा, त्याच आकाराचा पुन्हा बसवला तर ती दुरुस्ती आहे. मूळ बंपरचे फोटो आणि मापं मात्र जवळ ठेवा. विंचवाला (विंच म्हणजे दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), पुढे आलेला, पाइपच्या कमानीचा बंपर ही वेगळी गोष्ट. तो ट्रॅकपुरता. म्हणून तो पहिल्यापासून नट-बोल्टवर निघणारा करा आणि रस्त्यावर मूळ बंपर लावा. दोन माणसांनी अर्ध्या तासात काढघाल होईल अशी रचना सहज जमते.

माझी गाडी नवी आहे, एअरबॅग आहेत. मला करून घेता येईल का?

नका करू. इथे मी अजिबात मागे हटणार नाही. एअरबॅगचा संगणक धडकेनंतर गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे सेन्सरवरून वाचतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत निर्णय घेतो. कंपनीने चाचण्या घेतलेल्या असतात त्या पुढचा भाग ठरलेल्या क्रमाने चुरगळतो हे धरून. प्लास्टिकच्या बंपरमागची आडवी पट्टी आणि तिच्या मागचे चुरगळणारे डबे काढून तिथे पाच मिलिमीटरची प्लेट थेट चेसिसला आवळली की तो हिशेबच बदलतो. एअरबॅग उशिरा उघडेल, नको तेव्हा उघडेल किंवा उघडणारच नाही. शिवाय चुरगळणारा भाग जो धक्का पोटात घेत होता तो आता आतल्या माणसांना बसतो. आणि समोरून चालणाऱ्याला कडक लोखंड लागणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

राधानगरी-दाजीपूरकडे रात्री गवा आडवा येतो. त्यासाठी तरी बंपर हवा ना?

हा प्रश्न आमच्या भागात फार येतो आणि त्यामागची भीती खरी आहे. पण मोठा नर गवा सातशे किलोच्या पुढे जातो, काही हजारच्या घरात. त्याच्या अंगाचा भार बंपरच्या वर असतो. बंपर त्याच्या पायांना लागतो आणि धड बॉनेटवरून काचेवर येतं. लोखंड इथे उपयोगी पडत नाही, उपयोगी पडतो तो वेग. जंगलाच्या पट्ट्यात रात्री तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका, एक गवा दिसला तर मागे कळप आहे असं समजून थांबा, हॉर्न आणि अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) दोन्ही टाळा.

याच ओघात : अभयारण्यात, मसाई पठारासारख्या राखीव क्षेत्रात गाडी वाटेबाहेर घालू नका. पठारावर पावसाळ्यात चाक फिरलं की मातीचा पातळ थर खरवडून निघतो, खाली जांभा उघडा पडतो आणि ती जागा कैक वर्षं भरून येत नाही.

कोणतं लोखंड घ्यायचं?

साधं माइल्ड स्टील. दुकानात आयएस २०६२ ची प्लेट मागा, तेवढं पुरतं. बंपरच्या तोंडाला ४ मिलिमीटर, फार तर ५. ब्रॅकेटला, म्हणजे बंपर चेसिसला धरणाऱ्या भागाला, ८ किंवा १०. शॅकल (पट्टा अडकवायची पिनवाली लोखंडी कडी) लावायच्या कानाला २० ते २५.

मूळ पद्धतीचा सरळ बंपर करायचा असेल तर १०० बाय ५० चा चॅनेल उत्तम. मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे दीड मीटरचा बंपर चौदा-पंधरा किलो. घरी पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने हाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. वाकवायचं काही नाही, कापणं कमी, वेल्डिंग थोडं.

दोन गोष्टी घेऊ नका. एक, पाण्याचा जीआय पाइप. वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा पाइप घ्या. दुसरं, भंगारातले जुने कमान-पाटे. ‘पाट्याचं लोखंड लई कडक’ हे खरं, पण कडक आहे म्हणूनच ते वेल्डिंगला नाही. त्यात कार्बन जास्त असतो, वेल्डच्या कडेने ते ठिसूळ होतं आणि एका हिसक्यात काचेसारखं तडकतं. भंगारातला तुकडा ओळखीचा नसेल तर ग्राइंडरला टेकवून ठिणगी बघा : माइल्ड स्टीलची ठिणगी लांब, सरळ, फाटे कमी, जास्त कार्बनची आखूड आणि टोकाला फुटलेली.

जितकी जाड प्लेट तितका चांगला बंपर, बरोबर?

नाही. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट ७.८५ किलो भरते. हा एक आकडा लक्षात ठेवला की दुकानात उभ्या उभ्या वजन काढता येतं. पाऊण चौरस मीटरच्या बंपरला ४ मिलिमीटर धरली तर साडेतेवीस किलो, ६ धरली तर पस्तीसच्या वर. त्यात ब्रॅकेट, कान, विंच, तिचा लोखंडी दोर मिळवा. हे सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं. पुढचे पाटे बसतात, ब्रेक दाबला की नाक जास्त खाली जातं, स्टिअरिंग जड होतं, चिखलात पुढची चाकं आधी रुततात. ताकद हवी तिथे आतून पट्टी द्या. सपाट जाड प्लेटपेक्षा दोन घड्या घातलेली पातळ प्लेट कमी वाकते.

सुरुवात कुठून करायची?

चेसिसपासून. बंपरचं चित्र नंतर काढा.

गाडी सपाट जागी उभी करा, जुना बंपर काढा, चेसिसची दोन्ही टोकं तारेच्या ब्रशने घासून लख्ख करा. गंज, तडे, कुणी पूर्वी केलेलं वेल्डिंग सगळं उघडं पडू द्या. टोक सडलं असेल तर आधी ते काम. मग दोन्ही टोकांमधलं अंतर, त्यांची उंची, असलेली भोकं, सगळं मोजा आणि कर्णही मोजा. जुन्या गाड्यांची चेसिस कुठेतरी धडकून तिरकी झालेली असतेच. बंपर गुण्यात (काटकोनात) केला आणि चेसिस गुण्यात नसली तर बंपर वाकडा दिसतो आणि शिव्या वेल्डरला बसतात.

आता पुठ्ठा घ्या. फ्रिज-वॉशिंग मशिनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कोणत्याही दुकानदाराकडे मिळतो. त्याचा पूर्ण बंपर करा : तोंड, घड्या, दोन्ही बाजूंचे गाल, ब्रॅकेटसुद्धा. चिकटपट्टीने गाडीवर लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून चाक कुठे घासतंय का बघा, बॉनेट उघडा, रेडिएटरसमोर किती झाकलं जातंय ते बघा, दहा पावलं मागे जाऊन बघा. पुठ्ठा कापायला कात्री लागते आणि चूक फुकटात दुरुस्त होते. हाच पुठ्ठा पुढे तुमचा फर्मा. तो प्लेटवर ठेवून आखणी करा, किंवा उद्यमनगरात लेझर कटिंगवाल्याकडे द्या, तो त्यावरून ड्रॉइंग करून देईल.

ब्रॅकेट कसा असावा?

खरा बंपर हाच.

प्रत्येक बाजूला किमान चार बोल्ट, एम१२, हाय टेन्साइल, डोक्यावर ८.८ कोरलेले. असा एक बोल्ट आडव्या कापाला ढोबळमानाने चार टन धरतो. चार कशाला, दोन पुरतील, असं मिस्त्री म्हणेल; पण हिसका बसतो तेव्हा भार सगळ्या बोल्टांवर सारखा येत नाही, एखाद्यावर एकदम येतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) आणि दोन्हीकडे जाड वायसर वापरा. साध्या हार्डवेअरमधले बिनखुणेचे बोल्ट इथे नकोत.

चेसिसला नवीन भोक पाडायचं तर उभ्या बाजूच्या मध्यावर पाडा. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला हात लावू नका, वाकण्याचा सगळा ताण तिथे असतो. शक्य तिथे कंपनीचीच भोकं वापरा. चेसिस पेटीसारखी बंद असेल तर आतून जाड पाइपचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह घाला आणि बोल्ट त्यातून न्या. नाहीतर आवळताना पेटीच चेपते आणि चार दिवसांनी बोल्ट सैल सापडतो.

ब्रॅकेटची भोकं ड्रिलनेच. गॅस कटरने केलेलं भोक वेडंवाकडं असतं आणि त्याची कड तड्याची सुरुवात ठरते. आधी पंच, मग ६ मिलिमीटरचं ड्रिल, मग १३ चं, तेल सोडत सोडत. ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करू नका. बोल्टवरचा बंपर काढता येतो, दुरुस्त करता येतो, आणि चेसिसचं लोखंड वेल्डच्या उष्णतेने खराब होत नाही.

शॅकलचे कान कुठे आणि कसे लावायचे?

पाऊण इंची बो शॅकल घ्या, अंगावर ४.७५ टन असं कोरलेलं. तिची पिन २२ मिलिमीटरची असते, म्हणून कानाला २५ चं भोक. भोकाच्या कडेपासून प्लेटच्या कडेपर्यंत निदान भोकाएवढं लोखंड ठेवा.

बंपरच्या तोंडावर बाहेरून कान चिकटवणं ही सगळीकडे दिसणारी आणि सगळ्यात धोकादायक पद्धत. मग चार टनांचा हिसका चार मिलिमीटरच्या पत्र्यावर येतो. त्याऐवजी तोंडाला खाच पाडा, कान त्यातून आरपार मागे न्या आणि थेट ब्रॅकेटला वेल्ड करा, दोन्ही बाजूंनी, सलग. ओढ कानातून ब्रॅकेटला आणि ब्रॅकेटमधून चेसिसला गेली पाहिजे. बंपरचं तोंड मध्ये नुसतं उभं असावं.

कान लाल रंगवा. गळीत हंगामात जीप उसाच्या सरीत रुतली की जवळचा ट्रॅक्टर धावून येतो, आणि ड्रायव्हर साखळी घेऊन हाताला येईल तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वरच्या पाइपला, अडकवतो. लाल रंग दिसला की ‘इथं लाव’ म्हणून ओरडावं लागत नाही. आणि साखळीने हिसका देऊ देऊ नका. साखळी ताणत नाही, तुटते, आणि तुटलेलं टोक काच फोडून आत येतं. पट्टा वापरा, ओढीच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

विंच किती क्षमतेची?

भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. माणसं-सामानासकट गाडी १,९०० किलो धरली तर २,८५० किलो. ८,००० पौंडांची विंच साधारण ३,६०० किलो ओढते, ती पुरते. मात्र हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोर जितका गुंडाळलेला, ओढ तितकी कमी. या गटातल्या विंचांची चार भोकं सहसा १० बाय साडेचार इंचांवर असतात. तरी विंच हातात आल्याशिवाय प्लेटला भोक पाडू नका.

पुढचा चढ-कोन बिघडतो का?

बिघडतो, आणि लोक तो, म्हणजे बंपर न टेकता गाडी किती उभ्या चढाला लागू शकते तो कोन, मोजतच नाहीत. २०२० च्या थारचा हा कोन कंपनी ४१.८ अंश सांगते. तुमच्या गाडीचा मोजायला पुढच्या चाकाच्या तळापासून बंपरच्या सगळ्यात खालच्या, पुढच्या कडेपर्यंत दोरी ताणा आणि मोबाइलमधलं कोनमापक तिला टेकवा. कड जमिनीपासून ५० आणि चाकापासून ५५ सेंटिमीटर पुढे असेल तर साधारण ४२ अंश येतात. तीच कड पाच सेंटिमीटर खाली आणली की ३९. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्याच्या पायऱ्या चढणाऱ्याला हे तीन अंश लगेच जाणवतात. म्हणून दोन्ही टोकांना बंपर खालून तिरका कापून वर न्या. चाकासमोर काही येताच कामा नये.

घरच्या वेल्डिंग मशिनवर होईल का?

तोंडाचं काम होईल. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर छोटं इन्व्हर्टर मशिन अडीच मिलिमीटरचा रॉड सत्तर-ऐंशी अँपिअरला चालवतं. ३.१५ चा रॉड शंभराच्या पुढे नेला की वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी हवा, नाहीतर बटण पडत राहतं किंवा वायर तापते. रॉड ई६०१३ घ्या, हाताला सोपा.

कान आणि ब्रॅकेटचे जोड मात्र अनुभवी वेल्डरकडून मिग मशिनवर (रॉडऐवजी सलग तार सोडणारं वेल्डिंग मशिन) करून घ्या. इथे पैसे वाचवू नका. ई७०१८ रॉड जास्त ताकदीचा असला तरी तो कोरडाच लागतो, उघड्या पाकिटातला भट्टीत भाजून घ्यावा लागतो. आमच्या जुलैच्या हवेत घरच्या शेडमध्ये पडलेला रॉड ओला धरलेलाच बरा.

सगळं आधी टॅकवर, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर, उभं करा, गाडीवर बसवून बघा, मग काढून खाली घेऊन वेल्ड करा. टॅक गाडीवर मारायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, आणि इंधनाची टाकी कुठे आहे ते आधी बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढलं तर बंपर धनुष्य होतो. दोन इंच इथे, दोन इंच पलीकडच्या टोकाला, मग मध्ये, असं करत जा. पाणी ओतून गार करू नका. ५ मिलिमीटर आणि पुढच्या जाडीला कडा तिरक्या घासून खाच करा, म्हणजे माल आत उतरतो. वरून जाड दिसणारा आणि ग्राइंडरने घासल्यावर फट दाखवणारा वेल्ड आम्ही खूप पाहतो.

डोळ्यांचं : दहा-अकरा नंबरची काच, आणि शेजारी बघत उभ्या असलेल्या पोरांना हाकला. अर्क (वेल्डिंगचा प्रखर उजेड) लागला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायची पद्धत आहे, त्याने गार वाटतं एवढंच. दुखणं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ग्राइंडरचा गार्ड काढून मोठी चकती लावणं हा मूर्खपणा आहे, मग तो कितीही जुना मिस्त्री करत असो.

घड्या घरी घालता येतील?

४ मिलिमीटरला नीट नाही. प्रेस ब्रेकवर (प्लेट वाकवायच्या मशिनवर) पाच मिनिटांचं काम आहे, करून आणा. प्लेटवर रोलिंगची दिशा दिसते, घडी तिला आडवी घाला. तिच्या समांतर घातली तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडू शकतात.

वेल्ड पक्का आहे हे कळणार कसं?

हातोडा मारून आवाज ऐकणं पुरेसं नाही. फाउंड्रीच्या गावात राहतो याचा फायदा घ्या : डीपी टेस्टचे (रंग मुरवून तडा शोधायच्या तपासणीचे) तीन डबे इंजिनिअरिंग सामानाच्या दुकानात मिळतात. जोड स्वच्छ पुसा, लाल रंग फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसून काढा, वरून पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. केसाएवढी असली तरी उमटते. कान आणि ब्रॅकेटवर ही तपासणी करा, आणि एखाद्या जबर ओढीनंतर पुन्हा करा.

रंग की पावडर कोटिंग?

पावडर कोटिंग छान दिसतं, भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना भाजलेलं असतं. पण दगडाला घासून एकदा कोपरा उडाला की त्याखालून गंज सरकत जातो, वरून दिसतही नाही. घासला जाणारा बंपर असेल तर इपॉक्सी प्रायमर आणि वर साधा काळा रंग. खरचटलं की रविवारी ब्रश मारायचा. गगनबावड्याच्या पावसात रंगापेक्षाही महत्त्वाची आहेत ती पाणी निघायची भोकं. बंद पोकळीच्या सगळ्यात खालच्या जागी दहा मिलिमीटरची दोन भोकं ठेवा. लाल चिखल आत साठून बंपर आतून सडतो. गॅल्व्हनायझिंगला देणार असाल तर ही भोकं नसणं जिवावरचं आहे : साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बंद पोकळी फुटते.

बसवल्यावर काय तपासायचं?

एम१२ चे ८.८ बोल्ट टॉर्क पान्याने साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढा, बोल्टवरून ब्रॅकेटवर उतरणारी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय. चढावर हळू चालवून पाण्याचा काटा बघा, रेडिएटर झाकला गेला असेल तर इथेच कळतं. नंबर प्लेट आणि दिवे पूर्ण दिसले पाहिजेत.

जुना बंपर भंगारात घालू का?

नका घालू. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. मूळ बंपर, त्याचे बोल्ट आणि वायसर एका पिशवीत बांधून, गंज घासून, तेलाचा हात फिरवून शेडच्या माळ्यावर ठेवा.